उशीर मोजणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी कंट्रोल-पेटी आहे, आणि माझ्या अंगी एक वाईट खोड आहे, ती आधीच सांगून टाकते. दुसऱ्याचे बरे चाललेले मला बघवत नाही. अंगाने पत्र्याची आहे, तरी आतून जळते. आता एवढे कबूल केल्यावर पुढचे सगळे तुम्ही खरे मानाल अशी आशा आहे.

आकाराने मी बुटांच्या खोक्याएवढी. समोर एक हिरवा दिवा, एक लाल दिवा आणि आकडे दाखवणारी बोटभर लांब काच. एवढाच माझा साजशृंगार. मला एका चष्मेवाल्या कारागिराने घडवले. तो नाक माझ्या पोटात खुपसून एकेक सांधा झाळायचा आणि स्वतःशीच पुटपुटायचा. माझी स्मरणशक्ती त्याने इतकी तोकडी ठेवली की तिच्यात एक साधा फोटोसुद्धा मावला नसता. शेवटचा स्क्रू पिळताना तो म्हणाला, "तुला फार काही येत नाही बघ. एकच काम येतं. पण वेळेवर येतं."

ते काम काय, तेही सांगते. इंजेक्शनचे औषध ज्या काचेच्या कुपीत असते ती तुम्ही पाहिली असेल. डॉक्टर तिची मान मोडतात आणि औषध ओढून घेतात. ती मान बंद कशी होते? आमच्या कारखान्यात पट्ट्यावरून कुप्या एकामागून एक येतात. औषध भरलेली कुपी ठरल्या जागी आली की सेन्सर तिला पाहतो आणि खबर देतो. खबर मिळताच मी ज्योतीला आणि चिमट्याला हुकूम सोडायचा. ज्योत काचेची मान मऊ करते, चिमटा टोक ओढून घेतो आणि कुपी मिटते. की लगेच दुसरी हजर.

आता सेकंदाचे हजार तुकडे करा. खबर मिळाल्यापासून वीस तुकड्यांच्या आत माझा हुकूम निघाला पाहिजे. त्यापेक्षा उशीर झाला तर टोकाशी केसाएवढे छिद्र राहते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण हवा आत जाते आणि औषध नासते. तुम्ही शाळेत उशिरा पोचलात तर ओरडा खाऊन का होईना, बाकावर बसायला मिळते. आमच्याकडे तसे नाही. उशिरा दिलेले बरोबर उत्तर आमच्याकडे चूकच धरतात.

मी चार तुकडे घेत असे. उन्हाळा असो की थंडी, पहिली कुपी असो की एकोणीस हजारावी, चार म्हणजे चार.

अशी एकोणीस वर्षे गेली. त्या सगळ्या वर्षांत माझ्या शेजारी स्टुलावर एकच बाई बसत असे. तिला सगळे काचमावशी म्हणत. ज्योतीची उंची ठेवणे हे तिचे काम. पितळी चावी केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायची आणि ज्योतीचा निळा भाग बरोबर काचेच्या मानेवर आणायचा. तिला काचेची नस कळत असे. कुपीवर नख वाजवून ती म्हणायची, "ही आज जाड आली आहे गं." सकाळी आली की माझा खटका दाबायची आणि म्हणायची, "चल बाई, ऊठ. काच वाट बघते आहे." माझ्याशी असे बोलणारी ती एकटीच. कारखान्याचे साहेब पाहुण्यांना घेऊन आले की माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणत, "ही चुकत नाही." मी फुगून जात असे. पेटीला फुगता येत नाही, पण तुम्ही समजून घ्या.

मग तो आला.

माझ्या पोटातली एक चिप आता कुठेच तयार होत नाही, असे एक दिवस साहेबांना कळले. त्यांनी संगणक आणला. तुमच्या शाळेत असतो तसाच, घरात असतो तसाच, तीच सगळीकडे चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम असलेला. फक्त त्याला ज्योतीशी आणि चिमट्याशी जोडणारी एक पट्टी बसवून घेतली. घरात नवा जावई यावा तसे त्याचे स्वागत झाले. त्याच्यासाठी टेबल आले, टेबलाला मऊ कापड आले, धूळ बसू नये म्हणून झाकण आले. मला मात्र तारा काढून कपाटावर ठेवले. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवला. त्याचा गोल डाग अजून आहे.

मी वरून पाहत राहिले. काय त्याचा तो रुबाब! त्याच्या पडद्यावर रंगीत आलेख हलत असत. किती कुप्या झाल्या, किती राहिल्या, सगळे दिसे. आणि चाचणीच्या वेळी काय निघाले, माहीत आहे? मी चार तुकडे घेत होते. तो एकच घेत होता. साहेब टाळी वाजवून म्हणाले, "सरासरी एक! जुनीपेक्षा चौपट चपळ!" त्या दिवशी माझ्या आत काय झाले ते मी कुणालाच सांगितले नव्हते. आज तुम्हाला सांगते. त्याच्या पोटात उंदीर शिरावा अशी मी इच्छा केली.

सर्वात जास्त लागली ती काचमावशीची गोष्ट. तिला नात झाली होती. नातीचा फोटो संगणकाच्या पडद्यावर मागच्या बाजूला लावून मिळतो असे तिला कळले आणि दुसऱ्याच दिवशी बोळके पसरून हसणारे ते बाळ तिथे झळकू लागले. मावशी कामावर आली की आधी पडद्याकडे बघून हसायची. "कसा गं गुणी आहे हा," ती संगणकाला म्हणायची. गुणी! मी एकोणीस वर्षे एकही कुपी चुकवली नाही, आणि गुणी हा!

आता चूक कुठे झाली ते ऐका. साहेबांनी पडद्यावर पाहिले की संगणक नव्वद टक्के वेळ रिकामा असतो. कुपीला एक तुकडा दिला की पुढची कुपी येईपर्यंत त्याला काही कामच नाही. साहेबांना रिकामे माणूस बघवत नसे, मग रिकामे यंत्र कसे बघवेल? ते म्हणाले, "बसून काय करतो? लावा याला कामाला." मग लेबले छापण्याचे काम त्याच्याकडे आले. हजेरी आली. दारावरचा कॅमेरा आला. दुपारची गाणीसुद्धा तोच वाजवू लागला. सगळ्यांना आनंद झाला. एकाच्या पगारात पाच जण मिळावेत तसे ते होते.

मी मात्र वरून ऐकत होते. आमच्या यंत्राला एक ताल आहे. टक, फुस्, टक, फुस्. एकोणीस वर्षे तो ताल माझ्याच हुकमाने चालला होता. एके दुपारी तो अडखळला. टक... फुस्. पापणी लवेल इतकाच. खाली कुणाला कळले नाही. मला कळले. आणि मित्रांनो, लाज वाटते पण सांगते, मला गुदगुल्या झाल्या.

आमच्याकडे बंद कुप्यांची टोपली शेवटी एका मोठ्या भांड्यात ठेवतात. झाकण लावून आतली हवा ओढून घेतात आणि निळे पाणी सोडतात. जिला छिद्र असेल तिच्यात निळे शिरते आणि ती टोपलीत ठळक दिसते. माझ्या काळात निळी कुपी दिसली की लोक बघायला जमत. त्या आठवड्यात दोन दिसल्या. पुढच्या आठवड्यात अकरा.

मी कपाटावर बसून म्हणत होते, घ्या! आणखी घ्या! आता आठवेल पेटी.

पण पेटी कुणालाच आठवली नाही. संगणकावर तर संशयही गेला नाही, कारण त्याच्या पडद्यावर सरासरी अजून एकच दिसत होती. मग उरले कोण? पितळी चावीवरचा हात उरला.

साहेब स्टुलाजवळ येऊन उभे राहिले. "मावशी, रागावू नका. पण डोळे तपासलेत का एवढ्यात?"

"डोळ्यांना काय धाड भरली आहे?" मावशी म्हणाली. "सुईत दोरा ओवते मी अजून."

"मग हात?"

मावशीने हात पुढे केला. आधी तो स्थिर होता. सगळे त्याच्याकडे बघू लागल्यावर थोडा हलला. कुणाचाही हलेल.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "ही औषधं आहेत मावशी. कुणाच्या तरी शिरेत जाणार. सोमवारपासून तुम्ही खोकी दुमडायला बसा. काम हलकं आहे, वारा आहे तिकडे."

त्यानंतर मावशी चावीशी सारखी झटू लागली. ज्योत वर, ज्योत खाली. एखादी कुपी उचलून उजेडाकडे धरायची आणि पुटपुटायची, "माझंच काही चुकतंय का गं?" पूर्वी ती मला विचारत असे तसेच, पण आता ती कुणाकडे बघून विचारत नव्हती. दुपारी तिने पडद्यावरचा नातीचा फोटो काढून टाकायला सांगितला. म्हणाली, लक्ष विचलित होते.

तेव्हा माझ्या गुदगुल्या थांबल्या. मला सगळे माहीत होते आणि मी गप्प होते. वीज नसलेली पेटी गप्पच राहणार, हे खरे. पण मी खूश होऊन गप्प होते, हेही तितकेच खरे.

शुक्रवारी यंत्रे दुरुस्त करणारी बाई आली. ती अंबाड्यात स्क्रू-ड्रायव्हर खोचते, म्हणून तिला सगळे स्क्रूताई म्हणतात. तिने कुणाच्या हाताकडे पाहिलेच नाही. स्टुलाशेजारी खोके ओढून बसली आणि म्हणाली, "मावशी, निळ्या कुप्या दिवसभर होतात का ठरावीक वेळी?"

"हसू नकोस," मावशी म्हणाली. "लेबलं छापायला लागली की होतात असं मला वाटतं. गाणी लागली की पण."

साहेब हसले. "आता गाण्याचा आणि ज्योतीचा काय संबंध?"

स्क्रूताई हसली नाही. "संगणक किती रिकामा असतो म्हणालात?"

"नव्वद टक्के!"

"साहेब, तुम्हीही दिवसातून बराच वेळ मोकळे असता. पण मघाशी मी दारात उभी होते तेव्हा तुम्ही फोनवर होतात. मला थांबावं लागलं. हो की नाही?"

"दोन मिनिटं थांबलीस फक्त."

"मी थांबू शकते. काच थांबत नाही."

मग तिने सांगितले ते मी कान देऊन ऐकले. हा संगणक स्वभावाने सज्जन आहे, ती म्हणाली. सगळ्यांना सारखे वागवावे, कुणाला फार ताटकळत ठेवू नये, अशीच त्याची ऑपरेटिंग सिस्टीम घडवलेली असते. ऑफिसात ते छान चालते. पण लेबल छापायला घेतले की ते मध्येच टाकून उठणे त्याला जमत नाही. नेमकी तेव्हा कुपी आली, तर तिलाही तो रांगेत उभे करतो. हजार कुप्यांना एकेक तुकडा, आणि एखादीला सत्तर. सरासरी काढली की ते सत्तर बुडून जातात.

"हे सिद्ध कसं करशील?" साहेबांनी विचारले.

तिने मान वर केली. कपाटाकडे पाहिले. "ती वरची पेटी चालू आहे का?"

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात वीज नव्हती, तरी हिरवा दिवा लागला असता तर मला नवल वाटले नसते. तिने मला खाली घेतले, पुसले, तारा जोडल्या. मला वाटले, आले माझे दिवस! पण तारा वेगळ्याच होत्या. एक तार सेन्सरकडून, दुसरी संगणकाच्या हुकमावर. मी हुकूम द्यायचा नव्हता. खबर मिळाल्यापासून तो किती तुकड्यांनी हुकूम देतो ते मोजायचे, आणि सर्वात मोठा आकडा काचेवर धरून ठेवायचा. त्याच्या हाताखाली कारकून!

तरी मोजले. लेबले सुरू झाली आणि अर्ध्या तासात माझ्या काचेवर आकडा आला, त्र्याहत्तर.

"बघा," स्क्रूताई म्हणाली.

साहेबांनी चष्मा वर केला. "ही जुनी आहे. हिचीच चिप खराब असेल. आणि समज, आकडा खरा असला, तरी मावशींचा हात निर्दोष आहे हे कुठे ठरतं? दोन्हीत दोष असू शकतो."

"मग उद्या ठरवू," ती म्हणाली. "मी याला आज शिकवते. उद्या पूर्ण शिफ्ट, लेबलं, कॅमेरा, गाणी सगळं मुद्दाम चालू. ज्योत मावशी ठेवतील. संध्याकाळी निळ्या पाण्यातून एकही निळी निघाली नाही, तर मावशी इथेच बसणार."

"आणि निघाली तर?"

"तर हा संगणक या कामाचा नाही. पेटी लावा परत, चालेल तोवर."

"आणि मावशी खोक्यांकडे," साहेब म्हणाले. "मला शंका घेऊन ज्योत चालवता येणार नाही."

माझी अवस्था ओळखा. तो चुकला तर माझी जागा मला परत. पण तो चुकला तर मावशी स्टुलावर नाही.

स्क्रूताईने दिवसभर त्याच्या सिस्टीममध्ये बदल केले. त्याच्या डोक्याचे चार भाग आहेत. त्यातला एक तिने फक्त ज्योतीसाठी राखला. तिथे लेबलांनी, गाण्यांनी पाऊल टाकायचे नाही. आणि ज्योतीची हाक आली की हातातले काम अर्धवट टाकून उठायचे, ही सवय लावली. मला जे जन्मापासून येत होते ते त्याला शिकवावे लागले, एवढे समाधान मी पदरात पाडून घेतले.

शनिवारी सकाळी मावशी आली. स्क्रूताई म्हणाली, "एकोणीस वर्षं ठेवत होतात तशी ज्योत ठेवा. आणि मग चावीला हात लावायचा नाही."

मावशीने चावी फिरवली, ज्योत पाहिली, पुन्हा केसभर फिरवली. मग दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली.

टक, फुस्. मी मोजू लागले. एक. एक. दोन. लेबले सुरू झाली, सर्वात मोठा आकडा सहा झाला. कॅमेरा लागला, नऊ. दुपारी गाणी सुरू झाली आणि साहेबांनी मुद्दाम संगणकाची साफसफाई करणारा प्रोग्रॅमही चालू करून दिला. चौदा. छपाईयंत्रात कागद अडकला, ते ओरडू लागले, संगणकावर सूचनांचा पाऊस पडला. अठरा.

आणखी तीन तुकडे, माझ्या मनात आले. फक्त तीन. मग मी पुन्हा माझ्या जागी. खोटा आकडा दाखवणे माझ्या घडणीतच नाही, पण मागण्यात काय जाते? मी मागत होते.

पुढच्या कुपीची खबर आली. मी मोजू लागले, एक, दोन, तीन... हुकूम येईना. सात, आठ... समोर मावशी ओठ हलवत होती, तिचे डोळे माझ्या काचेवर होते. अकरा, बारा... ती माझ्याकडे बघत होती, मित्रांनो, पूर्वी बघायची तशी. आणि मी काय म्हणत असेन? मी म्हणत होते, ऊठ रे बाबा, ऊठ! टाक ते लेबल! सोळा... हुकूम सुटला. टक, फुस्.

त्यानंतर शिफ्ट संपेपर्यंत अठराच्या वर आकडा गेला नाही.

टोपल्या निळ्या पाण्यातून बाहेर निघाल्या. साहेबांनी पाहिल्या, स्क्रूताईने पाहिल्या. शेवटी मावशीने एकेक टोपली उजेडाकडे धरून पाहिली. तिला कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. बराच वेळ लागला. मग ती म्हणाली, "स्वच्छ."

साहेब घसा साफ करत राहिले. "मावशी... सोमवारी इथेच या. वेळेवर."

"मी उशिरा कधी आले होते?" मावशी म्हणाली.

सगळे हसले. मावशी हसता हसता डोळे पुसत होती. जाताना तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू सांगितलंस म्हणून गं बाई." तिला माहीत नाही, मी दुपारभर काय मागत होते.

मला भंगारात द्यायचे का, असे साहेबांनी विचारले. स्क्रूताई नको म्हणाली. संगणकावर कुणी नवे काम टाकले की उशीर वाढतो, तेव्हा कुणीतरी मोजणारे हवे. म्हणून मी त्याच्या शेजारी, त्याच्याच टेबलावर आहे. मऊ कापडाच्या कडेला. परवा साहेब आले आणि म्हणाले, हा अजून बराच मोकळा दिसतो, जेवणाच्या खोलीचा हिशोबही यालाच देऊ. मावशी स्टुलावरून न उठता म्हणाली, "द्या की. पण आधी एक शिफ्ट पेटी लावून बघू. उशीर किती होतो ते ती सांगेल."

तेव्हा मित्रांनो, माझे एवढे ऐका. कुणी बहुतेक वेळा चपळ आहे म्हणून त्याच्यावर सगळा भार टाकू नका. त्याचा सर्वात वाईट क्षण कोणता तेही एकदा मोजून पाहा. एखाद्याला ठरल्या क्षणी उठायचे असेल तर त्याच्या दारात गर्दी करू नका. आणि काही बिघडले की सर्वात जवळच्या म्हाताऱ्या हाताकडे बोट दाखवण्याआधी मोजा. जुन्या वस्तू कपाटावर टाकल्यात तर निदान त्यांच्यावर ग्लास ठेवू नका.

माझी खोड गेली का, असे विचाराल तर नाही गेली. नातीचा फोटो पुन्हा पडद्यावर आला आहे आणि मावशी अजूनही आधी त्याच्याकडेच बघून हसते. रोज सकाळी पहिली खबर येते, मी मोजू लागते आणि मनात येते, चूक रे एकदा. मग समोर मावशीचे हात दिसतात, पदरातून बाहेर आलेले, चावीवर ठेवलेले. आणि मी म्हणते, नको. आज नको.